आतून लावलेलं कुलूप

माझं काम लोकांना समजावून सांगणं अवघड जातं. धुळ्याला देवपुरात माहेरी गेले की शेजारच्या अक्का अजून विचारतात, "तू पोलिसात आहेस की दवाखान्यात?" मी म्हणते, दोन्हीच्या मधे कुठेतरी. त्या हसतात. मी खरं तेच सांगत असते.

एखाद्या मुलाला घरात धोका आहे अशी तक्रार आली, की जळगावच्या आमच्या कार्यालयातून बाल संरक्षण अधिकारी चौकशीला जातात. मूल कसं आहे, घर कसं आहे, ते पाहतात. मी समुपदेशक. त्या घरातल्या मोठ्या माणसांची मनःस्थिती कशी आहे, उपचार लागतील का, मूल त्यांच्याजवळ राहू शकेल का, हे मी लिहून द्यायचं. निर्णय बालकल्याण समिती घेते. पण समितीसमोर माझं मत असतं, आणि त्यावर पुष्कळदा एखाद्या घराचं पुढचं सगळं ठरतं.

असोद्याची तक्रार शाळेतून आली होती. तिसरीतली मुलगी होळीच्या आधीपासून शाळेत आलेली नाही, आई तिला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही, शेजाऱ्यांनाही ती दिसलेली नाही. बाप केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. माल घेऊन उत्तरेकडे गेला की लवकर परतत नसे. अधिकारी सर आदल्या दिवशी जाऊन आले होते. दार उघडलंच नव्हतं.

आम्ही भर दुपारी पोचलो. सरांनी हाक मारली, उत्तर नाही. मग मी दाराला तोंड लावून म्हणाले, "ताई, मी एकटी आत येऊ का? सर लांब उभे राहतील."

नंतर आतून अहिराणीत आवाज आला, "एकलीच येशी?"

"एकटीच."

दार हातभर उघडलं. मी आत शिरले आणि पाठोपाठ कुलूप लागल्याचा आवाज आला. कडी नव्हे, कुलूप. तिने किल्ली पदराखाली खोचली. मी म्हटलं, असेल हिची सवय. आपण बोलू, ती शांत होईल, दार उघडेल. तोवर अशी कितीतरी दारं माझ्यासाठी उघडली होती.

एकच खोली, वर पत्रे. खिडकीला खताच्या रिकाम्या गोण्या आतून ठोकलेल्या. घरातल्या हंडे-कळशांपासून पेल्यापर्यंत प्रत्येक भांड्यात पाणी भरून ठेवलेलं. मुलगी कोपऱ्यात पाटीवर पाढे लिहीत बसली होती. अंगावर जखम नव्हती, केस विंचरलेले होते, फक्त चेहरा उन्हात न गेलेल्या माणसासारखा पांढुरका. तिने मला नीट पाहून घेतलं आणि आईला विचारलं, "माय, या बाईसले बी आठेच ठेवानं का?"

मलाही इथेच ठेवून घ्यायचं का, असं ती विचारत होती. अगदी साध्या आवाजात, जसं पाहुण्याला जेवायला थांबवायचं का असं विचारावं. मी वळून त्या कुलपाकडे पाहिलं.

हळूहळू आई बोलू लागली. तिच्या दिराने सगळ्या भावकीसमोर म्हटलं होतं, ही वेडी झाली आहे, पोरीला आपल्याकडे आणू. एवढं खरं घडलं होतं. मी नंतर खात्री करून घेतली. पण त्या एका वाक्यावर तिच्या मनाने पुढे केवढं काय उभं केलं होतं. रस्त्याने जाणारी प्रत्येक मोटारसायकल पोरीसाठी आलेली. नळाच्या पाण्यात औषध टाकलेलं, म्हणून जुनं पाणी साठवलेलं. रात्री ती झोपतच नसे. आजार समोर दिसत होता, आणि उपचाराने तो आटोक्यात येण्यासारखा होता. अडचण अशी की मी तिला 'असं काही नाही' म्हणू शकत नव्हते. बाहेर उभ्या माणसांना पोर नेण्याचा अधिकार होता. मी त्यांच्याच जीपमधून आले होते.

"मनी पोरले लई जातीन," ती म्हणाली. "बठ्ठा लबाड शेतस. तू शप्पथ खाय. म्हन, कोनी लई जाणार नई. मंग उघाडसू."

सगळे लबाड आहेत; पोरीला कोणी नेणार नाही अशी शपथ मी घेतली की दार उघडणार होतं. एका वाक्याचं काम. माझी जीभ उचललीही होती. तेवढ्यात मुलीने पाटीवरची मान वर केली आणि माझ्याकडे पाहत राहिली. आईपेक्षा तीच उत्तराची वाट पाहत होती.

"शपथ नाही घेता येणार," मी म्हणाले. "ते माझ्या हातात नाही. मी इथे जे पाहिलं तेच सांगेन, एवढंच माझ्या हातात आहे."

ती भिंतीला टेकून खाली बसली. दार बंदच राहिलं.

फोन थरथरला. सर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, फार वेळ झाला. पोलीस बोलावतो, दार तोडू."

"नको. थांबा."

"तुम्ही ठीक आहात ना?"

"ठीक आहे," मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर कळलं की मी ठीक नाही. पत्रे तापले होते. हवा हलत नव्हती. दार तोडलं तर ही बाई पोरीला कवटाळून काय करेल याचा नेम नव्हता, आणि न तोडावं तर बाहेर पडायला वाट नव्हती. माझी छाती भरून आली, हाताला मुंग्या आल्या. ही लक्षणं मी रोज दुसऱ्यांना समजावून सांगते. नाव माहीत असल्याचा काहीएक उपयोग झाला नाही. मी भिंत धरली आणि तोंडून निघालं, "ताई, मला भीती वाटते आहे. मला श्वास घेता येत नाहीये."

यात युक्ती नव्हती. नंतर पुष्कळांनी मला तसं विचारलं, म्हणून सांगते.

ती उठली. पेला भरून माझ्या ओठांना लावला. पदर भिजवून माझ्या कपाळावरून, मानेवरून फिरवला. "बस, बस," म्हणत राहिली, जसं लेकराला म्हणावं. मुलगी पाटीने वारा घालू लागली. मग त्या बाईने पदराखालून किल्ली काढली आणि पोरीला म्हणाली, "वारा येऊ दे." कुलूप निघालं. ती स्वतः उंबऱ्यावर येऊन बसली, पोरीला मांडीत घट्ट धरून. मी सरांना हाताने खूण केली, पुढे येऊ नका. ते आले नाहीत.

समितीपुढे मी सगळं लिहून दिलं. आईला उपचार लागतील, पोरीवर तिची माया आहे, तिने पोरीला मारलेलं नाही, उपाशी ठेवलेलं नाही. अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्हालाही तिने कोंडून ठेवलं होतं ना?"

"हो. पण दारही तिनेच उघडलं."

"मोठ्या, शिकलेल्या बाईचा जीव तिथे घाबरा झाला. मग आठ वर्षांच्या मुलीचं काय होत असेल?"

त्यांचं चूक नव्हतं. तेच मला सोसेना. मी जे प्रामाणिकपणे सांगितलं होतं, तेच त्या आईच्या विरुद्ध सगळ्यात भक्कम ठरलं. पोरीला नरडाण्याला मावशीकडे ठेवायचं, आईवर सिव्हिलमध्ये उपचार, डॉक्टर म्हणतील तेव्हा पुढचा विचार. ट्रकवरून परतलेल्या बापाने मान डोलावली. बालगृहापेक्षा मावशी बरी, हे मीच सुचवलं होतं.

मावशीकडे जायला पोर जीपमध्ये बसली तेव्हा आई ओरडली नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "मी दार उघाडं, ते चुकनं का मनं?"

मी म्हणाले, "नाही." ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला ते पटलं नाही. मला तरी कुठे पटलं होतं.

औषधं लागू पडली. पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी परवानगी दिली आणि तीही नरडाण्याला बहिणीकडे राहायला गेली. मुलगी तिथल्या शाळेत जाते. दर काही आठवड्यांनी मला भेट द्यावी लागते, तसा आदेशच आहे. मागच्या वेळी आई अंगणात मिरच्या निवडत होती. मुलगी शेजारच्या पोरींबरोबर लांब खेळत होती. आई तिकडे पाहत होती, पण हाक मारत नव्हती. ते तिला किती जड जात असेल हे मला दिसत होतं.

चहा दिल्यावर ती अहिराणी सोडून, परक्याशी बोलावं तशा मराठीत म्हणाली, "बाई, राग नका मानू. तुम्ही आल्या की गल्लीत विचारतात, कोण आहे, कशाला येते. पोरीला शाळेत चिडवतात. नका येत जाऊ."

मी समितीला विचारलं. मुदत संपेपर्यंत भेटी चालू ठेवाव्या लागतील, असं उत्तर आलं. म्हणून मी जाते. जीप लांब उभी करते, चालत जाते, आणि कोणी विचारलंच तर मावशीच्या नात्यातली आहे म्हणून सांगते.