हद्दीच्या दगडाला शेंदूर

नाक्यावर जन्म घालवला की अंगावर धूळ साचती आन डोक्यात किस्से. धूळ झटकली की जाती, किस्से जात न्हाईत! मी हद्दीवरच्या निजामाच्या नाक्यावर शिपाई. समोर इंग्रजाचा नाका, तिथं तात्या शिपाई. मधी आमचा ओढा, आन पल्याडच्या काठावर हद्दीचा दगड. शाळा मला झेपली न्हाई. पण इंग्रजासारखं मोठं सरकार शेजाऱ्याशी कसं वागायचं हे कसं ठरवतं, ते मी जवळून पाह्यलंय.

*

एकदा आमच्या कडब्याला इंग्रजी मुलखात बंदी झाली. तात्याला इचारलं, "कावून बे?"

"तो खाऊन आमच्या गोऱ्या सायबाच्या घोड्याचं पोट दुखलं."

"मग बंदी कवा उठणार?"

"घोड्याला इचारून सांगतो!"

घोडा बरा झाला, बंदी उठली. त्या घोड्याचे उपकार हायेत.

*

मग सायबाला ओढ्याचं पाणी पाह्यजे झालं. बोलणीला आमचे तहसीलदार गेले. पण हद्द आधी कुणी ओलांडायची? दोघंबी हटेनात! शेवटी दगडाच्या दोन्ही अंगाला खुर्च्या मांडल्या. तहसीलदारांची खुर्ची उंच निघाली. सायबानं बुडाखाली उशी घेतली. आमच्यांनी दोन घेतल्या! दिस मावळला, पाण्याचं नावच निघालं न्हाई. बरंच झालं, ओढा आमचाच राह्यला.

*

पुढल्या उन्हाळ्यात इंग्रजाचा वरून हुकूम आला. दगड ओढ्याच्या अल्याड सरकवा! म्हंजे सगळं पाणी त्यांचं. आमच्या गावाला दुसरं पाणीच नव्हतं.

साहेब मजूर घेऊन आला. बघतो तर दगडाला शेंदूर! म्हशीवाली राहीबाई हात जोडून बसलेली, आन आमचे जमादार करीमभाई नारळ फोडायलेत!

"ये कौनसा देव है?"

"हद्दीचा देव, सायेब. लई कडक हाय," राहीबाई म्हणाली.

तात्या अदबीनं पुढं झाला. "सायेब, लोकांच्या देवाला हात लावू नका, असं आपलंच सरकार म्हणतंय न्हवं?"

सायबानं टोपी काढली. मजूर माघारी गेले.

शेंदूर तात्यानंच आणून दिलता. आजबी पाण्याचा घोट घेताना तो आठवतो.

*

पुढं साहेब शेवटच्या फेरीला आला. दगडापाशी वाकला, बोट लावून बघितलं. मग त्यानं राहीबाईला जवळ बोलावलं आन मोडक्या मराठीत हळूच म्हणाला,

"बाई, शेंदूर उडाला. नवा लाव. माझ्या जागी दुसरा साहेब येतो."