शपथेवर सांगितलेलं भूत

गोष्ट रंगात आली असताना मी गणपतीची शपथ घेतली, एवढीच काय ती माझी चूक. बाकीचा सगळा दोष भयकथा लिहिणाऱ्यांचा.

त्या काळी पुण्याचं एक मासिक टपालानं आमच्या गावात यायचं. त्यात विलायती भुतं धोतर-पगडी घालून छापलेली असायची. तोवर आमची भुतं बिचारी सरळमार्गी होती. पिंपळावर मुंजा, ओढ्याला हडळ. पत्ता ठरलेला, दहीभात ठेवला की मिटलं. या लेखकांनी सगळं बिघडवून ठेवलं. एकाचं भूत शेवटपर्यंत दिसतच नाही, नुसतं दार किलकिलं होतं. दुसरा स्मशानात नेतच नाही. आपल्या रोजच्या खोलीतली रोजची खुर्ची हलवतो. आणि झाडून सारे आधीच बजावतात, की ही हकीकत माझ्या मित्राच्या डोळ्यांदेखत घडली. वाचणाऱ्याला कळतं, ही आपली लिहायची रीत. पण हे वाचल्यापासून मला साधं भूत सांगवेना. घरात गोष्टी सांगणारा मी एकटा, आणि माझा मुंजा मलाच पोरकट वाटू लागला.

एका दुपारी ओसरीवर घरची माणसं आणि मळ्यात बैलांनी मोट ओढून पाणी देणारा आमचा मोटकरी बियाण्याच्या शेंगा फोडत बसले होते. मी तिन्ही युक्त्या एकदम वापरल्या. मासिकातल्या एका कथेतलं विलायती वाड्याचं तळघर काढून तिथं आमच्या मळ्यातली विहीर घातली. भूत झालेली बाई दाखवलीच नाही, नुसती ओली पावलं वरच्या पायरीपर्यंत आणली आणि तिथंच गोष्ट थांबवली. ‘डोळ्यांदेखत’ काही पुरेसं वाटेना, म्हणून लिंबागणेशच्या गणपतीची शपथ घेतली. शेंगा फुटायचा आवाज बंद झाला. मी मनात म्हटलं, वाहवा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटकरी दारात उभा.

“मालक, म्या मोट न्हाई धरणार.”

“कावून रे?”

“ती पावलं.”

“अरे, पुस्तकातली गोष्ट हाय ती!”

“मग शपथ कावून घेतली?”

“लिहिणारे समदे असंच म्हणत्यात. पद्धत हाय त्यांची.”

“ते कोन्त्या देवाची घेत्यात?”

मी चिडून मासिकच आणलं आणि ती कथा पहिल्यापासून वाचून दाखवली. त्यानं मान हलवत सगळी ऐकली.

“ह्यात तर तळघर हाय, मालक. विहिरीचं तुमाला ठावं व्हतं, म्हणून तुमी सांगितलं.”

मी कपाळावर हात मारला. गोष्ट खरी म्हणावी, तर बाई विहिरीत. खोटी म्हणावी, तर देवाची शपथ खोटी, आणि तसल्या माणसाच्या मळ्यात पाऊल कोण टाकणार? दुसरा गडीही मिळेना. उन्हाळी मिरचीनं तीन दिवसांत माना टाकल्या. घरचं वर्षाचं तिखट तेवढंच. शेवटी मीच बैल जुंपले. बैलांना मी फक्त ओसरीवरचा माहीत. धावेवर, म्हणजे मोट ओढायच्या उतारावर, पुढं जातील तर मागं येईनात. मोट वर येईस्तोवर निम्मी विहिरीतच सांडायची. बांधावरून शेजारी ओरडला, “काय बे, भुताला पानी पाजतूस का?”

चौथ्या दिवशी बायकोनं गाडी जुंपायला लावली. मोटकऱ्यालाच गाडी हाकायला बसवलं आणि आम्ही लिंबागणेशला गेलो. देवापुढं, मोटकऱ्यादेखत, मला मोठ्यानं म्हणावं लागलं, “विहिरीत कुणी नाही. मी खोटी शपथ घेतली.” त्यानं ते दोनदा म्हणायला लावलं. मग नारळ त्यानं स्वतः फोडला आणि उद्या मोट धरतो म्हणाला.

परतताना मी बायकोला समजावत होतो, की मोठमोठ्या लेखकांचा परिणाम असतो हा, माणूस बिचारा काय करणार. ती तोंडाला पदर लावून हसत होती. तेवढ्यात मोटकऱ्यानं बैल हळू केले आणि मान वळवली.

“पर मालक, ती पावलं पायरीवरून कुठं गेली वो?”

मी तोंड उघडणार, तोच बायको म्हणाली, “सांगा की. पर विहीर शेजाऱ्याची घ्या.”