चालत्या सर्व्हरला हात लावला

मंडळी, आज सकाळपासून मी घर आणि टेकडी यांच्यामध्ये अडकलोय.

गुंद गावाजवळच्या आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. केबलचं नेट मी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घरभर फिरवलंय; तोच आमचा सर्व्हर. सकाळी त्या डबड्याला उगाच अपडेट मारलं. परत सुरू केलं तर काळा पडदा आणि एरर.

नेट बंद. दुरुस्तीची माहिती नेटवर. केबल थेट जोडावी, तर नेटचा पासवर्डही त्याच डबड्यात!

आई शेतातून आली. “काल चालत हुतं न्हवं?”

“व्हय.”

“मग हात कशाला लावलास?”

अक्काच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, लेकीचं आज संध्याकाळी धारवाडला बारसं. भाताची सुगी सोडून आईला जाता आलं नाही, म्हणून ती व्हिडिओवर बघणार होती.

रेंज फक्त मागच्या टेकडीवर. तिथं उपाय वाचायचा, हातावर लिहायचा, खाली पळत जाऊन टाइप करायचा. की नवी एरर. परत टेकडी. कोपरापर्यंत हात निळा झाला, पडदा काळाच.

आत्ता वर बसून पुढचा उपाय शोधत होतो, तर आई नवी साडी नेसून, धापा टाकत टेकडी चढून आली. “त्या डबड्याचं ऱ्हाऊ दे. हितनंच लाव अक्काला फोन.”

दिवसभरात मला हे सुचलं नाही!

आता फोन तिच्या हातात जाणार, म्हणजे उपाय शोधणंही बंद. चालत्या गोष्टीला हात लावायची खोड तुम्हालाही आहे का? लिहा. वाचायला मात्र मला परत टेकडीच चढावी लागणार.