आधी घरात, मग गल्लीत

"आत्या, गेली माझी नोकरी," सून म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सगळा पडदा चुकलेल्या उत्तरांच्या तांबड्या ओळींनी भरला होता. मी शेंगा फोडत बसले होते. चौथी शिकलेल्या सासूला ते दाखवून काय उपयोग, पण घरात दुसरं कुणी नव्हतं.

ती घरूनच काम करते. कॉलेजच्या पोरांची अक्षरांची गणितं सोडवणारं यंत्र तिची कंपनी बनवते. पोरानं एखादं अक्षर स्वतःच्या वेगळ्या अर्थानं घेतलं, तरी यंत्र आपलाच ठरलेला अर्थ लावायचं आणि उत्तर चुकायचं. संध्याकाळपर्यंत ते दुरुस्त झालं तर तिला कायम करणार होते, नाहीतर नारळ.

"मी बदललं की," ती म्हणाली. "आता आधी पोरानं घेतलेल्या अक्षरांच्या यादीत बघतं. तिथं नसलं की नवीन अक्षर धरतं. तर आता पायसुद्धा ओळखंना!"

"कुणाचा पाय?"

"वर्तुळाचा हो, आत्या! ठरलेला आकडा आहे तो. पोराच्या यादीत नसतो, यंत्राकडं असतो."

"मग यंत्राला इचारायचं सोडलंस व्हय? माज्या भावासारकं केलंस की."

तिला ते ठाऊक नव्हतं. सांगितलं. लग्नात माझं नाव बदललं. वर्षाच्या आत बाप अंथरुणाला खिळला. भाऊ मला न्यायला मंद्रूपहून पहिल्यांदाच आला आणि गल्लीच्या तोंडाशी, नळावरच्या बायकांना माहेरच्या नावानं विचारलं. "असली कुणी न्हाय हितं," त्या म्हणाल्या. आमचं घर तिथून दहा पावलांवर. तो दारात आलाच नाही, परत गेला. बाप गेल्यावर मला कळलं.

 सुनेनं लॅपटॉप ओढून घेतला. आधी पोराची यादी, मग यंत्राची, दोन्हीकडं नसलं तरच नवीन अक्षर. ओळी हिरव्या झाल्या. एक तांबडी राहिली. ती भलतीच भानगड निघाली, त्यात तिचा आणखी तास गेला.

संध्याकाळी फोन आला. कायम केलं.

"आत्या, तुमचं माहेरचं नाव काय होतं?" तिनं विचारलं. सांगितलं. तिनं एकदा हाक मारून बघितली. मी ओ दिली नाही, सवय गेली आहे.

बाप गेला, पुढं भाऊही गेला. नळावरच्या त्या बायकांतली कुणी उरली नाही. मी आहे.