व्हिसा जाईल

माझ्या खोलीतला जुना विंडो एसी सुरू झाला की ओल्या धुळीचा वास येतो, आणि मी पुन्हा दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षांची होते.

त्या शुक्रवारी दुपारी बाबा झोपले होते. बाथरूमचं दार ओढताना माझं बोट चेमटलं. मी किंचाळणार, तोच आई धावत आली.

"श्श! खालचे तक्रार करतील. आवाज झाला की व्हिसा कॅन्सल, माहितीये ना?"

दूध सांडलं, धावपळ केली, तरी आमच्याकडे हीच धमकी असायची. मी ती खरी मानायची.

"सॉरी, आई," म्हणून मी एसीच्या घरघरीकडे तोंड करून उभी राहिले. नख हळूहळू काळं पडलं.

बाबा उठल्यावर आई कौतुकाने म्हणाली, "हूं की चूं केलं नाही हो पोरीनं!" बाबांनी चॉकलेट दिलं. मला केवढा अभिमान वाटला होता.

हल्ली पुण्याहून आई फोनवर विचारते, "काही सांगत का नाहीस गं? रागावलीस का?"

रागावलेली नाही. सांगायचं कसं, तेच मला येत नाही.

"आय ॲम फाइन, आई," मी म्हणते. मग आम्ही दोघी एसीची घरघर ऐकत राहतो.