अठरा हात पांढरं लुगडं

डब्यातली ज्वारी तळाला गेली, कंदिलातलं रॉकेल संपत आलं, बाबांच्या सदऱ्याची बाही फाटली, तरी माझ्या आईचं उत्तर एकच असे. "पुरंल गं." आई म्हणजे मरियमबाई, बेलापूरजवळच्या एका पाटाकाठच्या गावातल्या मिशन शाळेच्या मास्तरांची बायको. तिच्या त्या शब्दाचा मला भारी राग यायचा. मी मुळात तापट, त्यातून बाबांवर गेलेली, गावातल्या सगळ्या मुलींपेक्षा उंच. मला कुठलीच गोष्ट कधी पुरली नाही.

लढाई सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. ती कुठे चालली होती देव जाणे, पण तिची झळ आमच्या चुलीपर्यंत आली होती. बाबांचा पगार होता तिथेच राहिला आणि बाजारात जो तो जिन्नस आठवड्याआठवड्याला महाग होत गेला. पलीकडच्या साखर कारखान्याचा गोड वास वाऱ्याबरोबर घरात येई आणि त्या वासात बसून आम्ही गुळाचा चहा पीत असू, गूळही नखाएवढा. आई आगकाडी उभी चिरून एकीच्या दोन करी. बहुतेक दिवशी तेवढीही न ओढता शेजारून गोवरीच्या तुकड्यावर विस्तव आणी. बाबांच्या कॉलरी उसवून उलट्या बाजूने शिवी, आणि मग मान तिरकी करून त्यांच्याकडे असं बघे, जणू नगरच्या शिंप्याकडून नवा सदरा आला आहे. त्या बघण्याचं मला आता हसू येतं. तेव्हा मात्र नुसता संताप व्हायचा.

एका गोष्टीबद्दल मात्र मी निर्धास्त होते. आईच्या लोखंडी ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यात, तिच्या लग्नातलं पांढरं लुगडं होतं. भिंगारच्या एका विणकराने विणलेलं, अठरा हात लांब, म्हणजे पुरतं नऊवारी, सुती असूनही इतकं तलम की घडी हातात घेतली तर वजन लागू नये. काठ चंदेरी, बोटभर. आम्हा ख्रिस्ती लोकांत नवरी पांढरं नेसते. मी जन्मले त्या दिवशीच आईने म्हणे बाबांना सांगितलं होतं, "हे हिचं." लहानपणी ताप आला की मी ट्रंक उघडायला लावी आणि त्या घडीवर गाल टेकून पडून राही. डोळे मिटले की मला दिसे, मी ते नेसून पाटाच्या पाण्यावरून चालते आहे आणि मागे पदर कितीतरी लांबवर तरंगत येतो आहे.

मग कापड रेशनवर गेलं. कार्डावर मिळे ते जाडंभरडं, तेही दुकानात आलं तर. एका दुपारी झुंबरबाई आमच्या ओट्यावर येऊन बसली. ती दुसऱ्याच्या मळ्यात मजुरी करी आणि रविवारी देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू, आईच्या शेजारी बसे. तिच्या मुलीचं, साराचं लग्न ठरलं होतं.

"मास्तरीणबाई, लई आशेनं आले हाय," ती म्हणाली. "पोरीला पांढरं न्हाई. सगळा बाजार पालथा घातला. एक दिसाचं द्या, मी धुऊन आणून दीन."

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रंक उघडली आणि लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. झुंबरबाई गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझ्या लग्नापतुर पुरंल गं."

एकीला दिलं म्हटल्यावर दुसरीला नाही कसं म्हणणार? पंचक्रोशीत जिथे जिथे ख्रिस्ती घर होतं, तिथून लोक येऊ लागले. भाडं नाही, शेर-मापटं धान्य नाही. आईचा नियम एकच. लुगडं फाटलं तर रफू तिच्यासमोर बसून करायचं, आणि रफूचा दोरा लुगड्याच्याच टोकाचा उसवायचा. बाहेरचा दोरा घेतला तर टाका परका दिसतो, हे तिचं म्हणणं. त्यामुळे रफू असं बेमालूम होई की शोधून सापडू नये. फक्त प्रत्येक लग्नामागे लुगडं चार बोटं आखूड होई. हे गावात कुणाच्या लक्षात येत नव्हतं. माझ्या येत होतं.

प्रत्येक लग्नानंतर आई ते पुन्हा स्वतःच्या हाताने धुवी. रिठ्याच्या पाण्यात भिजवून आम्ही दोघी ते पाटावर नेत असू. दुपारी पाटाला कुणी नसे. आई एक टोक धरी आणि बाकीचं पाण्यात सोडून देई. पाण्याच्या ओढीने ते हळूहळू उलगडत जाई, कडेच्या बाभळींच्या सावल्या त्याच्यावरून सरकत जात, आणि मला वाटे की याला शेवट नाही, हे असंच वाहत प्रवरेला मिळेल. भांडायचं ठरवून आलेली मी त्या वेळी भांडण विसरून जाई. मग पिळून आम्ही ते वाळवायला वाऱ्यावर धरत असू, एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मध्ये अठरा हात पांढरं आभाळ. पहिल्या वेळी पलीकडे उभी असलेली आई मला फार लांब, लहान मुलीएवढी दिसली होती. पुढे प्रत्येक लग्नानंतर ती थोडी जवळ आली. मला तिच्या कपाळावरच्या आठ्या दिसू लागल्या, मग कानापाशी पांढरे झालेले केस. मला ते आवडे आणि आवडत नसेही.

सात नवऱ्या झाल्या. लढाई थांबली, पण महागाई काही थांबली नाही. सेहेचाळीस साली माझं लग्न ठरलं. मुलगा शमुवेल, संगमनेरला शिक्षक.

लग्नाला पंधरा दिवस असताना मी गुपचूप ट्रंक उघडली आणि लुगडं हाताने मोजलं. सात वेळची चार-चार बोटं धरून साडेसोळा हात तरी भरायला हवं होतं. भरलं जेमतेम साडेतेरा. पुन्हा मोजलं. मग टोक उजेडात धरलं. एका टोकाला उसवलेले धागे होते. दुसरं टोक सरळ होतं, कात्रीने कापलेलं.

मी ते आईपुढे नेऊन टाकलं. "कुणाला विकलंस? का याचं पोलकं शिवून दिलंस कुणाला? एवढी एकच गोष्ट माझी होती या घरात!"

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. ती कापलेल्या टोकाकडे बघत म्हणाली, "पुरंल." पण या वेळी तिचा आवाज अगदी खाली होता. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पाचवारी नेसले असते तर प्रश्नच नव्हता, पण आमच्याकडे तेव्हा पाचवारी नेसत त्या दवाखान्यातल्या नर्सबाई. माझ्या होणाऱ्या सासूबाई, छबूबाई, तशी नवरी बघून देवळातून उठून गेल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी झुंबरबाई आली. लग्नासाठी म्हणून ओच्यात अंडी घेऊन आली होती. आई घरात नव्हती. माझा फुगलेला चेहरा बघून तिने विचारलं, आणि मी रागाच्या भरात सगळं बोलून टाकलं. ती ओट्यावर हळूच बसली.

"रोझीबाई, ते मास्तरीणबाईनी आमाला दिलं," ती म्हणाली. "मागल्या उन्हाळ्यात, सातवी नवरी झाल्यावर, साराचं पहिलं बाळ एक दिस जगलं. पांढरं कापड कुटं मिळंना. कार्डावरचं उचलून झालेलं. आमी गोणपाटात गुंडाळायला निगालो हुतो. तुमची आई कात्री घेऊनच आली. म्हनली, सारा हेच नेसून नवरी झालती, तिच्या लेकराला हेच घाला. तीन हात कापलं. आन मला शप्पत घातली, रोझीला सांगू नको म्हनून. तिला वाईट वाटंल."

मी अंडी घेऊन आत गेले आणि ती कुठे ठेवावीत हेच मला कळेना. मला माझीच लाज वाटली, इतकी की दुपारभर मी आईच्या समोर जाणंही टाळलं. शपथ मोडल्याचं झुंबरबाईने तिला सांगितलं नाही, मीही नाही. संध्याकाळी मात्र मी आपणहून तिच्या शेजारी तांदूळ निवडायला बसले.

लग्नाच्या सकाळी आईने मला लुगडं नेसवलं. निऱ्या अगदी मोजक्या घेतल्या, कमरेला ओढून बांधलं, तरी डोक्यावर पदर कसाबसा टेकला. मी ताठ उभी राहिले की तो मागे घसरे. आईने दोनदा सारखा केला. तिसऱ्यांदा तो पुन्हा घसरला. तेव्हा मी मान खाली घातली, खांदे पाडले, गुडघ्यांत किंचित वाकले. पदर बसला.

तशीच मी देवळात गेले. तशीच पाळकसाहेबांसमोर उभी राहिले, वचनं दिली, गीत संपेपर्यंत राहिले. मान भरून आली होती. चालताना मला वाटत होतं, खरंच पाण्यावरून चालते आहे, फक्त पदर मागे तरंगत नव्हता. मागच्या बाकावर सारा बसली होती, तिची नजर माझ्या पदराच्या टोकावर होती. छबूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "केवढी नम्र पोरगी! एकदासुद्धा मान वर केली न्हाई." ज्यांनी मला लहानपणापासून पाहिलं होतं ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

चार दिवसांनी मी माहेरी आले. दुपारी आई उठली, रिठ्याचं पाणी केलं, आणि आम्ही पाटावर गेलो. लुगडं पाण्यात सोडलं, पिळलं, वाऱ्यावर धरलं. आई आता अगदी समोर होती. तिच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या.

"पुरलं का गं?" तिने विचारलं. सगळ्या आयुष्यात तिने हा शब्द मला प्रश्न म्हणून पहिल्यांदाच टाकला.

"पुरलं, आई," मी म्हणाले. "चार बोटं उरलंसुदीक."

"खोटं बोलू नगं," ती म्हणाली. "जन्मात कधी कुनापुढं मान खाली घातली न्हाईस तू. मला दिसत न्हाई व्हय?"

वारा आला आणि लुगडं आमच्यामध्ये भरून फुगलं. आम्ही दोघींनी टोकं घट्ट धरली होती, त्यामुळे डोळे पुसायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.