नावं वगळण्याचे अर्ज

शाळेत शिकवता शिकवता मतदार यादीचं कामही मी बरीच वर्षं करते आहे. मिरजगावच्या अलीकडचं आमचं गाव लहान, त्यामुळे यादीतलं जवळजवळ प्रत्येक माणूस ओळखीचं. गेल्या निवडणुकीआधी माझाच एक जुना विद्यार्थी, आता एका पक्षाचं काम करणारा, नावं वगळण्याच्या अर्जांचा गठ्ठा घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला. सगळ्या अर्जांवर कारण एकच, गाव सोडून गेले. आणि नावं सगळी मशिदीमागच्या गल्लीतली.

"कोण गाव सोडून गेलं रे? तू पाहिलंस?" मी विचारलं.

"न्हाई बाई. वरनं यादी आली, मी निस्ती सही केली." तो माझ्याकडे बघत नव्हता. वर्गातल्या पोरांसमोर वाद नको म्हणून मी अर्ज ठेवून घेतले. अजून ते मनाला लागतं.

अर्ज आला की घरी जाऊन चौकशी करावीच लागते. शाळा सुटल्यावर दुखरे गुडघे घेऊन गल्लीत गेले. पहिलं घर गाद्या भरणाऱ्या चाचांचं. माझ्या दोन्ही मुलींच्या लग्नातल्या गाद्या त्यांनीच भरल्या होत्या. त्यांनाच विचारायचं होतं, तुम्ही इथं राहता का म्हणून.

"बाई, तुमीच इचारताय व्हय?"

रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते उठले, आतून रेशनकार्ड, लाइटबिल, वडलांच्या नावची घरपट्टीची पावती आणली आणि माझ्यापुढे मांडली. मी न वाचताच 'इथेच राहतात' असं लिहिलं. पुढच्या घरांतही तेच झालं. एका सुनेनं तर मी बसायच्या आधीच कागद काढून ठेवले होते.

तरी सुनावणीला सगळ्यांना तहसीलला यावंच लागलं. रोजगार बुडवून माणसं सकाळपासून व्हरांड्यात बसली. माझा विद्यार्थी आलाच नाही. तहसीलदार साहेबांनी माझा अहवाल वाचला आणि नावं कायम ठेवली. सगळे चपला शोधायला लागले.

परतीच्या जीपमध्ये चाचा शेजारी होते.

"रिटायर कधी हुताय, बाई?"

"पुढच्या वर्षी."

"मंग यादीचं काम कोन बघनार?"

"येईल कुणीतरी नवीन."

"आमाला वळखनारं असंल का?"

फाट्यावर जीप थांबली, अजून दोन माणसं चढली, आणि आम्ही सरकून जागा केली.